खुडूक गाम्बो

झारियाच्या जुन्या शहरात टोप्यांवर भरतकाम करणारे पन्नासेक तरी असतील. पण ज्यानं पुढे केलेलं स्टूल माणसं आधी हलवून बघतात आणि मगच टेकतात, असा एकच: गाम्बो. वय बावन्न, पोट गोल, डोकं तुळतुळीत आणि अंगात शाळकरी पोराची वळवळ. मागच्या ईदेला शेजारच्या टांकोनं नवा झगा शिवून घेतला. गाम्बो म्हणाला, "आण, मी इस्त्री करून देतो." आणि दोन्ही बाह्यांची तोंडं बारीक टाक्यांनी शिवून परत दिला. सकाळी अख्खं शहर नमाजाच्या मैदानावर, लोक गळाभेट घ्यायला पुढे येतायत, आणि टांको आपला पंख बांधलेल्या बदकासारखा उभा. हातच बाहेर येईनात! तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी स्वतःच गाम्बोच्या ओसरीवर टोपी भरायला येऊन बसला. जाणार कुठे? एवढं हसायला दुसरीकडे मिळत नाही.

पण या गाम्बोलाही एक वरचढ होती. हानसाई, त्याची मामेबहीण, राहणार कानो.

आमच्याकडे आते-मामे भावंडांचं नातं म्हणजे जन्मभराची मस्करी. तिनं भर बाजारात त्याच्या डोक्यावरची टोपी उचलून न्यावी, त्यानं तिच्या चुलीवरचं मटण पातेल्यासकट पळवावं, आणि जो चिडला तो हरला. खरं बोलायला बायको आहे, इमाम आहेत. आतेभावाशी कोण खरं बोलतं? एकदा हानसाईनं त्याला ताकात कालवलेले बाजरीचे गोळे म्हणून मातीचे गोळे वाढले. त्यानं पहिला चावला, "मीठ कमी आहे" म्हणाला आणि दुसरा मागितला. पुढच्या खेपेला तो कानोला गेला तो दोराचं टोक घेऊनच. "हानसे, तुला बैल आणलाय. बाहेर बांधलाय, ओढून आत घे." हानसाईनं गल्ली गोळा केली, गवत मागवलं, पदर खोचून दोर ओढला. दुसऱ्या टोकाला कासव! कानोत अजून तिला कुणीकुणी विचारतात, "काय मावशी, बैल दूध देतो का?"

तर एप्रिलातल्या एका दुपारी, उन्हानं भिंती तापून फुटायची वेळ, हानसाई झारियाला उतरली. साठीला टेकलेली, विधवा, पाठीचा कणा ताठ. हातात कोंड्यानं भरलेलं मोठं भोपळ्याचं वाडगं, त्यावर फडकं.

"ताबावा कुठाय?" तिनं विचारलं. ताबावा म्हणजे गाम्बोची बायको.

"थोरली लेक बाळंतीण झाली. चाळीस दिवस तिकडे, फुंटुआला. चार दिवस झाले जाऊन. तू आलीस ते बरं झालं, भांडी घास."

हानसाई हसली नाही. तिनं फडकं काढलं. कोंड्यात सहा अंडी. मोठी, फिकट बदामी.

"मोराची आहेत. आमची लांडोर गेली, गाम्बो. गाडीखाली आली. नर तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता, शेजाऱ्याच्या नराकडे जायची ती. चाळीस वर्षं आमच्या अंगणात मोर आहेत, यांनी पहिली जोडी आणली तेव्हापासून. आता एवढंच उरलंय. माझ्याकडे एकही कोंबडी खुडूक नाही. ताबावाच्या हाताखाली गिनी कोंबड्यांची शेकड्यानं पिल्लं निघाली. म्हणून घेऊन आले."

गाम्बो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ओठ सरळ, डोळे सरळ, आवाज सरळ, फक्त पापण्या जराशा ओल्या. मातीचे गोळे वाढताना अगदी हाच चेहरा होता! त्याला पोटातून हसू फुटलं, असं की टांकोच्या हातातली सुई बोटात घुसली.

"वा हानसे! वा! डोळ्यात पाणी कसं आणलंस गं? कांदा बांधून आणलास का पदरात?"

हानसाई उठली, पाणी प्यायली, त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "ठेव नीट," एवढंच म्हणाली आणि कानोच्या गाडीला निघून गेली. गाम्बोला वाटलं, आता कोपऱ्यावरून हसत परत येईल. नाही आली.

संध्याकाळी भूक लागली. बायको घरी नाही, चूल थंड. गाम्बोनं वाडग्यातली वरची दोन अंडी उचलली, कांदा चिरला, हिरवी मिरची ठेचली आणि झकास पोळा केला. अर्धा टांकोला दिला.

"मोराचा पोळा खा, टांको. सुलतानालासुद्धा मिळत नाही."

टांकोनं एक घास खाल्ला, जीभ फिरवली. "टर्कीचं आहे हे. आमच्या मेव्हण्याकडे टर्की आहेत, मला चव माहितीय."

"बघ! म्हटलं ना, हानसाईची थाप."

बोटं चाटून होतायत तोच ताबावाचा फोन.

"अहो, हानसाईताईंनी फोन केला होता. अंडी नीट ठेवलीत ना?"

"पोटात ठेवलीत," गाम्बो म्हणाला.

"मस्करी नको. रडत होत्या हो त्या. मला म्हणाल्या, 'त्या माकडाला खरं सांगायला गेले, तर तो हसला. आता तू तरी सांग त्याला.' आणि म्हणाल्या, 'जन्मात एकदा माझं खरं मानलं तर बरं.'"

गाम्बोच्या तोंडातली मिरची तेव्हा लागली. त्यानं वाडग्याकडे बघितलं. चार अंडी उरली होती. तव्याकडे बघितलं. तिथे काहीच उरलं नव्हतं.

"ताबावा," तो म्हणाला, आणि बायकोनं तीस वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता, "खुडूक कोंबडी कुठली आहे?"

"तांबडी बसलीय ना न्हाणीमागच्या फुटक्या माठात. दोनच दिवस झालेत. तिची अंडी काढा आणि ही ठेवा. ऐकलंत का? तिची *काढा*. कोंबडीचे एकवीस दिवस, मोराचे अठ्ठावीस."

आता इथे गाम्बोचा घोळ झाला. तांबडीची अंडी काढायला गेला तर तिनं मनगटावर अशी चोच मारली की यानं ठरवलं, असू दे. तिची सात, आपली चार, मावतात की. कोंबडीला काय आकडे मोजता येतात?

आकडे येत होते. एकोणिसाव्या दिवशी सकाळी माठातून चिवचिव आली. गाम्बो नाचतच गेला. तांबडीची सातच्या सात पिल्लं फुटली होती. दुसऱ्या दिवसापर्यंत तांबडी ती घेऊन अंगणात निघून गेली, मान वर करून, पाटलीण निघावी तशी. माठात चार बदामी अंडी तशीच. त्यानं तिला पकडून तीनदा माठात बसवलं. तीनदा ती बाहेर, चौथ्यांदा छपरावर. शेजारणीची काळी आणून बसवली, तर ती अंड्यांकडे बघून अशी ओरडली की जणू कुणी तिच्या चारित्र्यावर बोललं.

फोनवर ताबावा पाच मिनिटं बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "आठ-नऊ दिवस राहिलेत. आतला जीव आता मोठा झालाय, थोडी ऊब पुरेल. पण सतत हवी. तुमच्याकडे काय आहे सतत गरम?"

गाम्बोनं खाली बघितलं. पोट होतं.

त्यानं ताबावाचं जुनं लुगडं चार पदरी केलं, पोटावर गुंडाळलं, आत चारी अंडी एकेक घडीत ठेवली. प्रत्येकाच्या एका बाजूला कोळशानं फुली काढली, म्हणजे सकाळी फुली वर, दुपारी खाली, संध्याकाळी वर. वरून मोठा ढगळ झगा. मग ओसरीच्या भिंतीला पाठ लावून चटईवर बसला. रात्री अंडी चुलीच्या कोमट राखेशेजारी, गरम कोंड्याच्या टोपलीत. पहाटेपासून पुन्हा पोटावर.

टांको सकाळी आला. "चल, मै-शायी चहावाल्याकडे चहा घेऊ."

"नाही उठता येत."

"का?"

"खुडूक बसलोय."

टांकोनं झगा उचलून बघितलं. लुगडं दिसलं, फुल्यांची अंडी दिसली. टांको हळूच उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. अर्ध्या तासात गाम्बोला कळलं कशासाठी गेला होता ते. अख्खी गल्ली रांगेनं आली.

तीस वर्षांचं उट्टं होतं हो! ज्यांच्या साखरेत मीठ पडलं होतं, ज्यांच्या चपला झाडावर मिळाल्या होत्या, ज्यांच्या बाह्या शिवल्या गेल्या होत्या, ते सगळे. आणि गाम्बोला ना पळता येत, ना हसता. हसला की पोट हलतं, पोट हललं की अंडी एकमेकांवर आपटतात. हे कळल्यावर तर विचारूच नका. खाटकानं येऊन गाम्बोच्या सासऱ्याची नक्कल केली. चहावाल्यानं चहा आणला, पेला हातात दिला, बघतो तर तो रिकामा. कुणी कानाला पीस लावलं. म्हातारे इमाम मालम शितू आले, तेव्हा गाम्बोला वाटलं सुटलो. इमाम शेजारी बसले, दाढीवरून हात फिरवला आणि गंभीर आवाजात विचारलं, "बाळा, कितवा महिना?"

गाम्बोच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून फुस्स, पण पोट? पोट दगड. दोन्ही हातांनी धरून ठेवलं त्यानं.

"मालम," तो दात दाबून म्हणाला, "एवढं होऊ द्या. मग बघतो तुमच्याकडे."

"बघ बघ. पण आधी भजी खा. डोहाळे लागले असतील." खरंच चवळीची गरम भजी आणली होती म्हाताऱ्यानं. पुढे रोज आणली.

दुसरं काही करता येत नाही म्हणून गाम्बोनं टोपी भरायला घेतली. एरवी त्याची टोपी महिना महिना चाले, कारण दर दहा टाक्यांनी उठून कुणाची तरी खोडी काढायची असे. आता उठायचंच नाही! हिरवा आणि निळा दोरा, बारीक जाळी, मध्ये डोळ्यासारखे गोल. चौथ्या दिवशी टांकोनं ती हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली. त्याची मस्करी जराशी थांबली.

"गाम्बो, इतकं चांगलं काम येतं तुला? लपवून ठेवलं होतंस?"

"मलाच माहीत नव्हतं."

"आणि नाही फुटली तर रे?"

गाम्बोनं सुई थांबवली. "मग हानसाई माझ्याशी आयुष्यभर मस्करी करेल," तो म्हणाला. "नुसतीच मस्करी."

सहाव्या दिवशी एका अंड्याला वास यायला लागला. ते त्यानं लांब नेऊन पुरलं आणि त्या दिवशी भजी खाल्ली नाहीत. तीन उरली. आठव्या दिवशी तो कान लावायचा प्रयत्न करत होता, पण स्वतःच्या पोटाला कुणाचा कान पोचतो? शेवटी टांकोनं डोकं टेकवलं. तेवढ्यात दारावरून वाटाण्याच्या टोपल्या घेऊन दोन बायका गेल्या, त्यांनी हे बघितलं आणि पुढच्या गल्लीपर्यंत हसत गेल्या.

"काही ऐकू येतं?"

"भजी ऐकू येतात."

शुक्रवार उजाडला. सकाळची दहाची वेळ. गाम्बो टोपीचा शेवटचा काठ बंद करत होता आणि बेंबीच्या डाव्या बाजूला कुणीतरी ठोकलं. टक्. मग थोडं थांबून, टक् टक्.

"टांको! आत कुणीतरी दार वाजवतंय!"

"भूक असेल."

"भूक अशी कडी वाजवत नाही!"

लुगडं सोडलं. एका अंड्याला ताऱ्यासारखा बारीक तडा गेला होता, त्यातून चिमुकली चोच, मोहरीएवढा पांढरा दात तिच्यावर. गाम्बो आनंदानं ओरडला नाही, हसला नाही, हललाही नाही. हलायची सवयच मोडली होती. नुसता तोंड उघडं टाकून बघत राहिला. दुपारच्या नमाजापर्यंत पहिलं बाहेर, सूर्य मावळायच्या आत उरलेली दोन. ओली, काटकुळी, लांब मानेची, कुणी चहात बुडवून काढलेली वाटावीत अशी. तासाभरात वाळून मऊ बदामी गोळे झाले. तिघांनी आधी गाम्बोच्या तोंडाकडे बघितलं आणि ठरवलं की हीच आपली आई. त्यांचा काय दोष?

मग सुरू झालं आईपण. पिल्लं खाईनात! बाजरीचा चुरा ठेवला, त्यावरून चालत गेली. पाण्याच्या झाकणीत पाय बुडवले. फोनवर ताबावा म्हणाली, "यांना खायचं असतं हेच ठाऊक नसतं हो. तांबडीचं एक पिल्लू आणून सोडा, मास्तर म्हणून." गाम्बोनं तांबडीच्या सातातलं एक उचललं. चोचीचे चार प्रसाद खाल्ले, पण आणलं. त्या मास्तरानं आल्याआल्या टकटक दाणे टिपले, मोरांनी माना वाकड्या करून बघितलं आणि पाच मिनिटांत तिघंही मास्तराच्या पायाखालचं खायला लागली.

त्यांना जिवंत खाणं हवं म्हणून गाम्बोनं गिनी कोंबड्यांवाल्या बायकांचीच युक्ती केली. वाडग्यात ओलं शेण आणि कडब्याचे तुकडे भरायचे, वारुळाच्या तोंडाशी उपडं घालायचं आणि सकाळी उचलायचं. आत वाळवी भरलेली. गाम्बो रोज पहाटे शहराच्या तटाबाहेर वाडगं उचलायला निघे, आणि त्याच्या मागे पिक् पिक् करत तीन मोर आणि एक मास्तर. चहावाला पातेलं खाली ठेवून सलाम करी, "जागा द्या, बाळंतीण चाललीय!"

पाचव्या दिवशी त्यांच्या पंखांना पिसं फुटली. त्या संध्याकाळी दिवस मावळायला आला तशी तिघं चुळबुळली, मोराच्या जातीला झोपायला उंच जागा लागते. भिंत उंच पडली, झाड लांब. एक उडालं ते गाम्बोच्या मांडीवर, मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून नव्या टोपीवर. मागोमाग बाकीची दोन. मास्तर खालून बघत राहिला, त्याला हे शिकवता येत नव्हतं.

सातवा दिवस म्हणजे बारसं. ते गल्लीनंच ठरवलं. मालम शितू म्हणाले, "नावं मी ठेवणार नाही, पण चघळायला कोलाच्या बिया वाटल्या तर घेईन." गाम्बोनं कानोला फोन लावला. गल्ली कान देऊन बसली.

"हानसे, तीन पिल्लं निघाली. शुक्रवारी बारसं आहे. ये."

पलीकडून आवाज आला, "तुझं तोंड आणि मोर! कोंबडीच्या पिल्लांना रंग लावलास ना रे? कुठला, निळा?" आणि फोन बंद.

टांको म्हणाला, "नाही येणार ती. मीसुद्धा आलो नसतो."

टोपीवरून एका पिल्लानं गाम्बोच्या कानामागे घाण केली, तीसुद्धा त्यानं तशीच राहू दिली.

शुक्रवारी ताबावा फुंटुआहून आली. दारातच थबकली. ओसरीवर चटया, कोलाच्या बिया, अर्धी गल्ली, मध्ये नवरा, त्याच्या डोक्यावर तीन पिल्लं. "थोरलीचं बाळंतपण उरकून आले," ती म्हणाली, "तर घरी दुसरी बाळंतीण. गरम पाणी कोण घालतंय तुम्हाला?" पण म्हणतानाच तिनं एक पिल्लू उचललं, उलटं केलं, पाय बघितले, पोट दाबून बघितलं, आणि नवऱ्याकडे असं बघितलं की गाम्बोला पुन्हा पोट धरावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात दारात हानसाई.

ती कुणाशी न बोलता सरळ गाम्बोसमोर येऊन उभी राहिली. पिल्लांकडे बघितलं. "गिनी कोंबडीची आहेत," म्हणाली.

गाम्बो बोलला तर कोण खरं मानणार? पण टोपीवरच्या सगळ्यात मोठ्या पिल्लाला ही नवी बाई आवडली नसावी. ते उठलं, पंख जरा खाली सोडले आणि पाठीमागचा बोटभर शेपटीचा बुडखा उघडला. चार पिसं नव्हती त्यात, नुसती लव. पण उघडला तो पूर्ण, पंख्यासारखा, आणि त्या चिमुकल्या पंख्यासकट ते ऐटीत गोल फिरलं.

हानसाईनं हात तोंडाशी नेला. "यांचा पहिला नर असाच करायचा," ती म्हणाली. "एवढासा होता तेव्हापासून."

आता ती रडायला लागली तर काय करायचं हे गाम्बोला ठाऊक नव्हतं. आतेभावानं अशा वेळी काय करायचं असतं हे कुणी ठरवूनच दिलेलं नाही. म्हणून त्यानं त्याच्याजवळ होतं तेच पुढे केलं.

"हानसे, खरं सांगतो. दोन मी खाल्ली. कांदा घालून."

हानसाईनं डोळे पुसले. आणि तिच्या ओठाचं एक टोक हळूहळू वर गेलं.

"वरची दोन ना?"

"वरचीच."

"ती टर्कीची होती. तू खाल्ल्याशिवाय काही मानणार नाहीस, हे काय मला ठाऊक नाही? शेजारणीकडून मागून वर ठेवली होती."

"मी म्हटलं होतं!" टांको ताडकन उठला. "पहिल्या घासाला म्हटलं होतं!" पण त्याचं ऐकायला कोण होतं? ओसरी हसून आडवी झाली होती. आणि गाम्बो, पस्तीस दिवस ज्याच्या छातीवर ती दोन अंडी बसली होती तो गाम्बो, पोट सोडून हसला. सव्वा महिन्याचं साठलेलं हसू. पिल्लं टोपीवरून उडाली, खांद्यावर, इमामांच्या मांडीवर, ताबावाच्या डोक्यावर.

हानसाईनं हक्कानं त्याची टोपी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. हिरवी, निळी, गोल डोळ्यांची. "ही माझी. पिल्लं टोपीमागे येतील, कानोला नेते." पिल्लांनी टोपीकडे बघितलं, गाम्बोच्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं, आणि एकामागून एक डोक्यावर जाऊन बसली. घसरत होती, पण बसली.

"राहू दे मग," हानसाई म्हणाली. "उडती झाली की आईसकट पाठव. आणि हे घे." तिनं पदराखालून दोराचं टोक काढून त्याच्या हातात दिलं. दोर दारातून बाहेर गेला होता. "बारशाला रिकाम्या हातानं कसं यायचं? बोकड आणलाय. बाहेर आहे, ओढून आत घे."

गाम्बोनं दोराकडे बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ सरळ, डोळे सरळ.

"कासव आहे," तो म्हणाला.

"ओढ तर."

"पण फोनवर तर तू म्हणालीस, पिल्लांना रंग लावलाय म्हणून. मग बोकड कशाला?"

"आतेभावाशी फोनवर खरं बोलतात का रे, गाम्ब्या?"

गाम्बोनं तीन मोरांचं ओझं सांभाळत, मान ताठ ठेवून दोर ओढला. दोर ताठ झाला, त्यानं आणखी ओढला, आणि बाहेरून कुणीतरी वैतागून ओरडलं, "बेंऽऽ!"